पोटातली संप्रेरके, अंगणातली मुले

मूल तीन-चार वर्षांचे झाले आणि एका जागी बसेना, बोलायला उशीर लागला, इतर मुलांना बोचकारू लागले, की घरात कारणांचा शोध सुरू होतो. सोलापुरात ही कारणे मराठीत, तेलुगूत आणि कानडीत सांगितली जातात, पण रोख एकाच व्यक्तीकडे असतो. सातव्या महिन्यात फार रडली, शेवटच्या दिवसापर्यंत विड्या वळत बसली, थोरल्यांचे ऐकले नाही, म्हणून पोर असे निपजले. अलीकडे या यादीत ‘हार्मोन’ची भर पडली आहे. गरोदरपणातल्या हार्मोनवर मुलाचा स्वभाव ठरतो, असे ठासून सांगणारे व्हिडिओ घरोघरी पाहिले जातात आणि आईच्या डोक्यावर खापर फुटते ते आता विज्ञानाच्या नावाने.

या प्रश्नावर गेल्या साठ-पासष्ट वर्षांत पुष्कळ काम झाले आहे. ते सगळे चाळल्यावर माझे मत असे झाले आहे की जन्माआधीची संप्रेरके, म्हणजे हे हार्मोन, मुलाच्या वागण्यावर परिणाम करतात हे खरे. पण जिथे तो परिणाम मोठा असतो तिथे बहुधा एखादा आजार किंवा उणीव असते आणि तिच्यावर इलाज असतो. उरलेल्या ठिकाणी परिणाम इतका लहान असतो की हजारो मुलांच्या सरासरीत तो दिसतो, पण समोरच्या एका मुलाबद्दल त्यावरून काहीच सांगता येत नाही.

या विचाराचे मूळ १९५९ सालच्या एका प्रयोगात आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात फिनिक्स, गॉय, जेराल आणि यंग या चौघांनी गाभण गिनीपिगना टेस्टोस्टेरॉन दिले. त्यांच्या पोटी जन्मलेल्या माद्या मोठ्या झाल्यावर बऱ्याच अंशी नरांसारख्या वागल्या. संप्रेरके वयात आल्यावर शरीर चेतवतात हे ठाऊक होतेच. गर्भात मेंदू घडत असताना ती त्याची बांधणीही करतात, ही कल्पना या प्रयोगानंतर रुजली. माणसाच्या मुलांवर असा प्रयोग करता येत नाही आणि करूही नये. म्हणून संशोधकांनी निसर्गाने घडवलेल्या प्रसंगांकडे पाहिले.

त्यातला सर्वांत बोलका प्रसंग म्हणजे सीएएच (कंजेनायटल ॲड्रीनल हायपरप्लेशिया) हा जन्मजात आजार. मूत्रपिंडाच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथीत एक विकर (एन्झाइम) कमी पडते. त्यामुळे कॉर्टिसॉल पुरेसे तयार होत नाही आणि त्याच्या कच्च्या मालापासून पुरुषी संप्रेरके जास्त बनत राहतात. मुलीच्या गर्भाला हा आजार असेल तर तिला पोटातच टेस्टोस्टेरॉनसारख्या संप्रेरकांचा मोठा डोस मिळतो. शेरी बेरेनबाम आणि मेलिसा हाइन्स यांनी १९९२ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या अशा मुलींना खेळण्यांच्या खोलीत सोडून पाहिले. बाहुल्यांपेक्षा गाड्या आणि ठोकळे यांच्याकडे त्यांचा ओढा नात्यातल्या निरोगी मुलींहून जास्त होता. यावर स्वाभाविक शंका अशी, की आईवडीलच तिला मुलासारखे वाढवत असतील. विकी पास्टर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नेमके हे तपासले, तेव्हा उलटेच दिसले. अशा मुलीने बाहुली हातात घेतली की आईवडील तिचे कौतुक तिच्या निरोगी बहिणीपेक्षा जास्त करत होते. तरी मुलगी गाडीकडेच जात होती. माणसातल्या खेळाच्या आवडीवर गर्भातल्या संप्रेरकांचा हात असतो, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही. मात्र याच मुलींपैकी बहुतेकजणी स्वतःला मुलगीच मानतात आणि मुलगी म्हणूनच जगतात, हे सांगायला लोक विसरतात.

हा विषय खेळण्यांपाशी थांबवणे मला पटत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून जास्त नवजात बाळांची तपासणी केली, तेव्हा सुमारे ५,७०० बाळांमागे एकाला सीएएच आढळला. मुलींच्या बाबतीत जन्मताच बाह्य जननेंद्रियांवरून शंका येते आणि तपासणी होते. मुलगा दिसायला ठणठणीत असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याला उलट्या होतात, अंगातले मीठ-पाणी घटते, जुलाब-वांत्या किंवा जंतुसंसर्ग समजून उपचार होतात, आणि कॉर्टिसॉल न मिळाल्याने तो दगावू शकतो. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर हे आधी कळते. मुलगी गाडीशी खेळते की बाहुलीशी, याची चिंता करणाऱ्या समाजाने त्या थेंबाची चिंता आधी करायला हवी.

आजार नसलेल्या मुलांचे काय? सायमन बॅरन-कोहेन यांच्या केंब्रिजमधल्या गटाने वैद्यकीय कारणासाठी काढलेल्या गर्भजलातले टेस्टोस्टेरॉन मोजले आणि ती मुले मोठी होताना पाहिली. ते जास्त होते, त्या मुलांनी वर्षाच्या वयात आईच्या डोळ्यांत कमी पाहिले आणि दोन वर्षांच्या सुमारास त्यांचे शब्द कमी होते, असे २००२ च्या सुमाराचे निष्कर्ष जगभर गाजले. पण खेळाच्या आवडीबद्दल त्याच परिसरातल्या २००५ च्या एका अभ्यासात संबंध सापडला नाही आणि २००९ च्या दुसऱ्या अभ्यासात सापडला. स्वमग्नतेच्या लक्षणांशी संबंध असल्याचे एका बाजूने मांडले गेले. हाइन्स यांच्याच गटाने २०१६ मध्ये सीएएच असलेली मुले आणि गर्भजल या दोन्ही वाटांनी तपासून असा संबंध दिसत नाही असे लिहिले. एका दिवशी काढलेल्या थोड्याशा पाण्यावरून अनेक आठवड्यांच्या चढउताराचा अंदाज बांधायचा, तोही वय जास्त असलेल्या किंवा जोखीम असलेल्या मातांमध्ये. निष्कर्ष हेलकावे खाणारच. हाताच्या बोटांची लांबी मोजून गर्भातले टेस्टोस्टेरॉन सांगण्याचा जो प्रकार वर्तमानपत्रांत येतो, तो याहूनही तकलादू आहे.

गर्भजल परीक्षा हा शब्द महाराष्ट्राने फार वेगळ्या कारणासाठी ऐकला. केंब्रिजमध्ये जी तपासणी संशोधनाला सामग्री देत होती, तीच इथे ऐंशीच्या दशकात पोटातली मुलगी ओळखून तिला संपवण्यासाठी वापरली गेली. स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे राज्याने १९८८ मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. याच हव्यासाची दुसरी बाजू संप्रेरकांशी थेट भिडते. मुलगाच व्हावा म्हणून गरोदर बाईला दिली जाणारी ‘औषधे’ हरियाणात संशोधकांनी तपासली, तेव्हा त्यांचा संबंध बाळातल्या जन्मजात व्यंगांशी आढळला. अशा औषधांत संप्रेरकांसारखे काम करणारे घटक असल्याचेही दिसून आले आहे. मुलगा की मुलगी हे गर्भ राहण्याच्या क्षणीच ठरलेले असते. नंतर घेतलेली पुडी ते बदलू शकत नाही, मात्र घडत असलेल्या शरीराला इजा करू शकते. वैदूने दिलेली असो वा सासूने आणलेली, ती घेऊ नये.

टेस्टोस्टेरॉनवर जितकी शाई खर्च झाली, त्याच्या मानाने थायरॉइडबद्दल सर्वसामान्य वाचकाला फार कमी सांगितले गेले. माझ्या मते सोलापूरसारख्या जिल्ह्यासाठी हेच संप्रेरक सर्वांत महत्त्वाचे आहे. गर्भाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यानंतर काम करू लागते आणि अठराव्या-विसाव्या आठवड्यापर्यंत हळूहळू जोर धरते. तोवर मेंदूच्या पेशी जागोजागी जाऊन बसत असतात आणि त्यासाठी लागणारे थायरॉक्सिन सगळे आईकडून येते. आईला आयोडीन कमी पडले किंवा तिची ग्रंथी मंद असली तर पुरवठा तिथेच तोकडा पडतो. अमेरिकेत जेम्स हॅडो यांनी १९९९ मध्ये जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून अशा आया शोधल्या. ज्या ४८ जणींवर गरोदरपणात उपचारच झाले नव्हते, त्यांच्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ७ गुणांनी कमी होता. रॉटरडॅममधल्या मोठ्या पाहणीत आईचे थायरॉक्सिन कमी असलेल्या मुलांना बोलायला उशीर लागताना दिसला.

मग सर्वांना गोळी द्यावी का? ब्रिटन आणि इटलीत जवळपास २२ हजार गरोदर स्त्रियांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य कमतरतेवर उपचार करूनही मुलांच्या तिसऱ्या वर्षी बुद्ध्यांकात फरक पडला नाही. अमेरिकेतल्या २०१७ च्या चाचणीचा निकालही तसाच. दोन्हीकडे गोळी सुरू झाली तेव्हा पहिले तीन महिने सरलेले होते किंवा सरत आले होते. काही तज्ज्ञ म्हणतात, उशीर झाला. काही म्हणतात, सौम्य कमतरतेने फारसे बिघडतच नाही. हा वाद सुटलेला नाही. पण ठळक कमतरतेची लक्षणे, घशाशी गाठ, घरात थायरॉइडचा इतिहास किंवा आधी झालेला गर्भपात असेल तर पहिल्याच भेटीत टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करावी, याबद्दल वाद नाही. म्हणून बाराव्या आठवड्याच्या आत नाव नोंदवण्याला इतके महत्त्व आहे. आणखी एक साधी गोष्ट स्वयंपाकघरातली आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून सैंधव मीठ आणि सुटे खडे मीठ खाण्याची टूम आली आहे. त्यात आयोडीन पुरेसे असेलच असे नाही, आणि गरोदरपणात गरज वाढून रोज २५० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते. गरोदर बाईच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच असावे.

बाळाची स्वतःची ग्रंथी जन्मतः काम करत नसेल तर तो वेगळा आजार. आधी उल्लेख केलेल्या पाच शहरांतल्या पाहणीत तो सुमारे अकराशे बाळांमागे एकाला दिसला. मुंबईच्या वाडिया रुग्णालयात डॉ. मीना देसाई यांनी नवजात बाळांच्या अशा तपासणीवर फार पूर्वी काम करून ठेवले आहे. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची स्वस्त गोळी सुरू झाली तर ते मूल चारचौघांसारखे शिकते, खेळते. उशीर झाला तर बुद्धीची हानी भरून निघत नाही. जन्माआधीच्या आणि जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतल्या संप्रेरकांचा मुलाच्या वागण्याशी असलेला सर्वांत पक्का संबंध हा आहे, आणि तो पुसून टाकणे आपल्या हातात आहे.

आता ताणाचे संप्रेरक, कॉर्टिसॉल. आईला सर्वांत जास्त दोष याच्या नावाने दिला जातो, म्हणून इथे थोडे रेंगाळायला हवे. ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ मध्ये गरोदर असलेल्या चौदा हजारांहून अधिक स्त्रियांच्या मुलांचा मागोवा घेतला गेला. थॉमस ओ’कॉनर आणि विवेट ग्लोव्हर यांनी २००२ मध्ये दाखवले, की शेवटच्या महिन्यांत सर्वाधिक चिंतेत असलेल्या १५ टक्के आयांच्या चार वर्षांच्या मुलांत वागण्याच्या आणि भावनांच्या अडचणी जवळपास दुप्पट होत्या. दुप्पट हा शब्द घाबरवणारा आहे. पण याचा अर्थ शंभरातल्या पाचांऐवजी दहा मुले, असा काहीसा होतो. सर्वाधिक ताणात राहिलेल्या आयांचीही शंभरातली नव्वदच्या आसपास मुले ठीक होती.

शिवाय आईची चिंता आणि बाळापर्यंत पोचणारे कॉर्टिसॉल यांचे गणित सरळ नाही. वारेत एक विकर असते. ते आईच्या कॉर्टिसॉलचा मोठा भाग निष्क्रिय करून टाकते. रडणाऱ्या आईच्या रक्तातले कॉर्टिसॉल फार वाढलेले असतेच असेही नाही. मग मुलावर परिणाम कशाने झाला? चिंताळू आईकडून वारशाने आलेल्या स्वभावाने, की जन्मानंतरच्या घरातल्या वातावरणाने? फ्रान्सेस राइस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक सुंदर तोड काढली. कृत्रिम गर्भधारणेतून जन्मलेल्या मुलांत काहीजणांचे बीज आईचे होते, काहींचे दुसऱ्या स्त्रीने दान केलेले. ताणाचा संबंध दोन्हीकडे दिसला तर कारण गर्भात, फक्त पहिल्यात दिसला तर वारशात. समाजविरोधी वागण्याच्या बाबतीत संबंध दोन्हीकडे दिसला. अतिचंचलतेच्या बाबतीत तो फक्त स्वतःच्या बीजातून झालेल्या मुलांत दिसला. म्हणजे ‘पोटात असताना ताण घेतला म्हणून पोरगा एका जागी बसत नाही’ या लाडक्या वाक्याला या अभ्यासात आधार मिळाला नाही.

दुसरी तोड निसर्गाने दिली. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात बर्फाच्या वादळाने वीज गेली, काही घरांत महिनाभराहून जास्त. सुझान किंग यांच्या गटाने तेव्हा गरोदर असलेल्या स्त्रियांच्या मुलांना दोन वर्षांच्या वयात तपासले. बोलणे आणि बुद्धीच्या कसोट्या मागे पडल्या त्या ज्यांच्या आयांनी प्रत्यक्षात जास्त दिवस अंधार, थंडी, स्थलांतर सोसले त्यांच्या. आईला मनातून किती वाईट वाटले यापेक्षा तिच्यावर काय गुदरले याला वजन होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हादरलेल्या आपल्या भागाला हे समजायला सोपे जावे. आपत्ती कोणाचा स्वभाव पाहून येत नाही, म्हणून तिचा अभ्यास आईच्या स्वभावाला दोषमुक्त करतो.

ओ’कॉनर आणि ग्लोव्हर यांच्या गटातले आणखी एक काम मला सर्वांत मोलाचे वाटते. क्रिस्टिन बर्गमन यांनी २०१० मध्ये गर्भजलातले कॉर्टिसॉल आणि दीड वर्षाच्या बाळांची समज यांची सांगड घातली. कॉर्टिसॉल जास्त तिथे गुण कमी, हा संबंध फक्त आईशी जवळीक डळमळीत असलेल्या बाळांत उरला. ज्यांची जवळीक पक्की होती, त्यांच्यात तो दिसेनासा झाला. आपल्याकडचे डोहाळजेवण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी धाडणे, सव्वा महिना आईला कामापासून दूर ठेवणे, या रीतींमधली विश्रांती आणि माया मला या दृष्टीने शहाणपणाची वाटते. गर्भसंस्काराच्या नावाखाली गरोदर बाईने काय ऐकावे, काय पाहावे, कोणता विचार करू नये याची जी परीक्षा घेतली जाते, ती मात्र तिच्यावर आणखी एक ओझे टाकते.

कॉर्टिसॉलचेच भाऊबंद आपण औषध म्हणूनही देतो. वेळेआधी कळा सुरू झाल्या तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शने देतात. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांनुसार गावपातळीवरच्या परिचारिका, म्हणजे एएनएम ताईही, ती सुरू करू शकतात. बेळगाव हे एक केंद्र असलेल्या, पाच देशांतल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत या इंजेक्शनांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. हा २०२० चा निकाल. त्याच वर्षी फिनलंडमधल्या ६ लाख ७० हजार मुलांच्या नोंदींवरून दिसले, की इंजेक्शन मिळाले पण शेवटी पूर्ण दिवस भरून जन्मले, अशा मुलांत मानसिक आणि वर्तनाच्या तक्रारी ८.९ टक्के होत्या, इंजेक्शन न मिळालेल्यांत ६.३ टक्के. त्याआधी २०१५ मध्ये बेळगाव आणि नागपूर ज्यात होते, त्या खेडोपाडीच्या चाचणीत सरसकट वापराने एकूण नवजात मृत्यू किंचित वाढलेच होते. इंजेक्शन जीव वाचवते, पण दिवस नीट मोजलेले असतील आणि प्रसूती खरोखर जवळ आली असेल तरच. त्यासाठी पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी लागते.

पुण्याचे काम न सांगता हा आढावा पुरा होणार नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने हलकी, पण चरबीने तशी नाहीत. आणि २००२ मध्ये त्यांनी दाखवले की लंडनच्या बाळांच्या तुलनेत पुण्याच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन हे संप्रेरक जास्त असते. आईच्या रक्तातले ब१२ जीवनसत्त्व कमी असलेल्या मुलांचे नवव्या वर्षी अवधान आणि तात्पुरती स्मृती कमी पडली, हेही याच अभ्यासातून आले. संप्रेरके हवेतून येत नाहीत. ती आईच्या ताटातून, झोपेतून आणि श्रमांतून घडतात. म्हैसूरच्या अभ्यासात तर गरोदरपणी मधुमेह झालेल्या आयांची मुले काही बौद्धिक कसोट्यांत सरसच निघाली. परदेशी निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लावू नयेत, एवढे त्यातून कळते. पीसीओडीने (म्हणजेच पीसीओएसने) धास्तावलेल्या मुलींनीही हे ध्यानात ठेवावे. स्वीडनमध्ये २०१६ साली आईचा पीसीओएस आणि मुलाची स्वमग्नता यांत ५९ टक्के जास्त शक्यता दिसली, तरी अशा बहुसंख्य आयांच्या मुलांना स्वमग्नता नव्हती.

म्हणून सोलापुरात मी प्रश्न आईच्या मनाकडून तिच्या दिवसाकडे नेईन. इथल्या हजारो स्त्रिया मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजारभर विड्या वळतात. तंबाखू हाताळणाऱ्या विडी कामगारांच्या लघवीत निकोटिनचा अंश सापडतो, हे मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतल्या कामातून दिसलेले आहे. घरी बसून विड्या वळणारीलाही प्रसूतीचा लाभ मिळावा, अशी तरतूद १९६६ च्या विडी कामगार कायद्यात केली गेली. तिच्या हातात तो किती पडतो, हे कुंभारीतल्या विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत कोणत्याही दारात विचारावे.

दुसरी बाई ऊसतोडणीची. ती मराठवाड्यातून नवऱ्याबरोबर एका कोयत्याची, म्हणजे जोडप्याच्या मजुरीची, आगाऊ उचल घेऊन जिल्ह्यातल्या फडांवर येते, सहावा-सातवा महिना कोपीत काढते, पहाटे उठून मोळ्या वाहते, आणि एक दिवस पडून राहिली तर खाडा कापला जातो. तिची नोंद गावच्या आरोग्य केंद्रात असते, ती स्वतः दुसऱ्या जिल्ह्यात. टीएसएच, सोनोग्राफी, दर महिन्याच्या ९ तारखेची मातृत्व तपासणी, यांतले काहीच तिच्या वाटेवर येत नाही. हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो. साखर कारखान्यांनी मजूर आणणाऱ्या मुकादमाशी करार करतानाच गरोदर स्त्रीचा खाडा माफ करण्याची अट त्यात घालावी, आणि फडांची यादी त्याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे द्यावी.